पाताळबाई

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या आवारात सगळे तिला पाताळबाई म्हणत. बोअरमधून निघालेली माती तपासून जमिनीखालचे थर संगणकावर उभे करायचे, हे तिचे काम. ‘आमची सून घरात कमी आणि जमिनीखाली जास्त,’ असे सासूबाई कौतुकाने सांगत.

जुन्या टाकीतून झिरपलेले विष पाण्याबरोबर ओढ्याकडेच गेले असणार, असे विषारी माती खोदून काढायला आलेला ठेकेदार धरून चालला होता. तिच्या चित्रात मात्र वाळूखालचा चिकणमातीचा थर उलट बाजूला, फाटकाकडे कलला होता. फाटकापलीकडे वस्ती होती आणि वस्तीच्या विहिरी.

“पाणी ओढ्याकडे आणि विष फाटकाकडे? दोघांचं भांडण झालंय का?” बोअरवाल्या मिस्त्रीने विचारले.

“हे विष पाण्यापेक्षा जड आहे, मिस्त्री. ते खाली बसतं आणि चिकणमातीवरून घसरत जातं. फाटकापाशी बोअर घ्या.”

“आणि काहीच निघालं नाही तर?”

“तर उद्यापासून मला नुसतं बाई म्हणा.”

आधी स्वच्छ वाळू आली. मग चिकणमातीला चिकटलेली काळपट, उग्र वासाची वाळू वर आली. मिस्त्रीने नाकाला रुमाल लावला.

“वस्तीतल्या विहिरी आजच बंद करायला लावते,” ती म्हणाली. “खोदाई इथून सुरू करा.”

“बरं, पाताळबाई,” मिस्त्री रुमालाआडून म्हणाला.