गुळपोळीचा डावा पाय

क्लेटनने आम्हाला फसवलं नाही. क्लेटनला मी फसवलं.

ही दोन वाक्यं लिहायला मला सहा वर्षं लागली. आजवर कोणालाच सांगितली नाहीत — बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढेही नाही. उलट इथे अमेरिकेत, एडिसनच्या आपल्या मराठी मंडळात मी नेमकं विरुद्ध सांगत आलो. तुम्हीही ते माझ्याच तोंडून ऐकलं असेल. कोजागिरीला हातात दुधाचा पेला धरून, गणपतीत जेवणाच्या रांगेत — "त्या ट्रेनरने आपली घोडी मारली, गोऱ्याने गंडवलं आपल्याला." तुम्ही हळहळलात. कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी तो ठेवू दिला.

मी कसा माणूस आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मिरजेहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकमध्ये बसून लोकांच्या किचनमध्ये ग्रॅनाइटचे ओटे बसवत होतो. आज माझं दुकान आहे. घासाघीस केल्याशिवाय मी टॉवेलसुद्धा घेत नाही, आणि डोकं फिरलं की कोणाचं ऐकत नाही. पण एक गोष्ट मी अभिमानाने सांगायचो — बोटाने ठोकून, नुसत्या आवाजावरून मी सांगतो की दगडात चीर आहे की नाही. चीर असलेला दगड मी कधी कोणाच्या घरात बसवला नाही. एकदाही नाही.

हे का सांगतोय? कळेल.

मंडळातल्या बारा घरांनी मिळून आम्ही तीन घोडे घेतले होते, तिघेही दोन वर्षांचे. एक पाटील — कारण शर्यत सुटते त्या गेटपाशी नेला की तो सत्काराची वाट बघत असल्यासारखा थांबून राही. एक बारक्या. आणि तिसरी घोडी. तिचं नाव देशपांडेकाकूंनी ठेवलं. आमच्यात वयाने सगळ्यात मोठ्या त्याच. फोटो बघून म्हणाल्या, "अगदी तव्यावरून आत्ता उतरवल्यासारखी आहे. गुळपोळी!" तेच नाव कागदावर नोंदवलं. क्लेटनला ते म्हणता येईना, तो तिला पॉली म्हणायचा. मला, दत्ताला, 'डाटा' म्हणायचा, त्या मानाने ती बरी सुटली.

क्लेटन आमचा ट्रेनर. साठीचा, कमी बोलणारा. दर रविवारी तो मला फोनवर चार ओळींचा रिपोर्ट पाठवी आणि मी त्याचा चार मिनिटांचा मराठी मेसेज करून ग्रुपवर टाकत असे. लोक त्याची वाट बघायचे. "पाटील आज गेटमध्ये गेला, पण मागच्या मागे बाहेर आला. बारक्या अंगाने भरतोय, पण शाळेत लक्ष नाही. आणि आपली गुळपोळी — अर्धा मैल एकोणपन्नास सेकंदांत, मंडळी, आणि तेसुद्धा लगाम आवरून धरलेला!" क्लेटनच्या रिपोर्टची शेवटची ओळ मात्र कधी बदलत नसे. पाय थंड आहेत. घोड्याचा पाय तापला तर आत काहीतरी बिघडतंय. थंड असेल तर सगळं ठीक.

पाय बघायला मला त्यानेच शिकवलं. मालकांना असलं कोणी शिकवत नाही. त्याने शिकवलं. डोळे मीट, तळहात नको, हाताची मागची बाजू लाव, गुडघ्यापासून खाली सावकाश ये, मग दुसऱ्या पायाशी ताडून बघ. पहिल्याच आठवड्यात मला जमलं. तो म्हणाला, "तुझे हात चांगले आहेत, डाटा." दगडातल्या माणसाला हे कोणी म्हणालं तर कसं वाटतं, सांगू?

आणि तरीही मी त्याच्यावर डूख धरून होतो. ही गोष्ट गाळली तर पुढचं कळणार नाही — पण ती सबब म्हणून सांगत नाही. त्याआधी मी एकट्याने एक घोडा घेतला होता. क्लेटन म्हणाला, याचे गुडघे अजून कोवळे आहेत, सहा महिने थांब. मला वाटलं, हा दिवसागणिक पैसे घेतो, म्हणून दिवस वाढवतोय. भांडलो, आणि रागाच्या भरात घोडा विकून टाकला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच्या नावावर जिंकला, दोनदा. मी काय म्हणालो असेन? क्लेटननेच मला विकायला लावलं, असं म्हणालो. तो थांब म्हणाला होता, विकलं मी — पण राग कुणावर धरला? तेव्हापासून तो 'थांब' म्हणाला की माझ्या कपाळाची शीर उडायची.

गुळपोळीची पहिली शर्यत नेमकी दसऱ्याच्या शनिवारी आली. मी ग्रुपवर जाहीर करून टाकलं — सकाळी तबेल्यात घोड्यांची पूजा, दुपारी शर्यत, दसऱ्याचं सोनं तिथेच लुटू. बस ठरली. चाळीस माणसं. अमेरिकेतल्याच डब्लिन गावाहून एक कुटुंब रात्रभर ड्राइव्ह करून येणार होतं. देशपांडेकाकूंनी आपट्याची पानं मिळणार नाहीत म्हणून सोनेरी कागदाची कापून ठेवली होती, पिशवीभर.

बुधवारी संध्याकाळी क्लेटनच्या बायकोला अचानक फिलाडेल्फियाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. हृदयाचं ऑपरेशन. जाताना तो म्हणाला, "सकाळी पॉलीचे पाय तू बघ. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे."

गुरुवारी सकाळी सहाला मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो. डोळे मिटले. उजवा पाय थंड. डावा —

डावा गरम होता. गुडघ्याच्या चार बोटं खाली, पुढच्या हाडावर, लिंबाएवढ्या जागेत. मी हात काढला, पुन्हा ठेवला. तिने पाय हलकेच मागे घेतला आणि माझ्या टोपीचा वास घेतला.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ठोकल्यावर बद्द वाजणारा दगड मला कळतो, तर हे कळणार नाही? मी क्लेटनला फोन करायला हवा होता. तो काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक होतं. थांब. कॅन्सल कर. आणि मग बस, चाळीस माणसं, सोनेरी पानं, आणि माझे ते चार मिनिटांचे मेसेज — सगळं फुकट. आणि पुन्हा एकदा तोच बरोबर.

तेवढ्यात रोसा आली. तबेल्यातले घोडे सांभाळणारी, मेक्सिकोची बाई. रोज पाय तपासायचं, पट्ट्या बांधायचं काम तिचंच. तिने हात लावला असता तर एका क्षणात ओळखलं असतं. तिने प्रत्येक स्टॉलच्या, म्हणजे घोड्याच्या खोलीच्या, दारावर देवमातेचं छोटं चित्र लावलेलं होतं. मी त्या चित्राकडे बघितलं आणि तोंडातून निघून गेलं — आमच्या धर्मात दसऱ्याआधी तीन दिवस घोड्याचे पाय मालकानेच धुवायचे असतात, दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही.

असं काही नसतं. तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याला घोड्याची पूजा करतात, पाय धुतात, झालं. 'तीन दिवस' मी तिथे उभ्या उभ्या जन्माला घातले.

रोसाने काय केलं असेल? तिने छातीवर क्रूसाची खूण केली. "तुमची घोडी, तुमचा देव," म्हणाली आणि बादली माझ्या हातात दिली.

त्या बादलीत मी बर्फ भरला. गुरुवारी, शुक्रवारी, आणि शनिवारी पहाटे साडेपाचपासून. डावा पाय बर्फात, अर्धा अर्धा तास. ती शांत उभी राहायची. तिला वाटत असेल, कोणीतरी माझं दुखणं बघतंय. शुक्रवारी क्लेटनचा फोन आला. दमलेला आवाज. "पाय?"

"थंड," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. पाटीलने त्यांच्या ओंजळीतला गूळ एका घासात संपवला, सगळे हसले. काकू गुळपोळीपुढे वाकल्या, खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. मग त्यांचा हात वर सरकला आणि तिथेच थांबला.

"दत्ता, हा एकच पाय एवढा गार का रे? दुसरा तर नाही."

"काकू, त्याच पायावर जास्त पाणी घातलंत तुम्ही."

"मी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं बाबा, म्हातारीचा हात." आणि त्याच हाताने त्यांनी घोडीला ओवाळलं.

नंतर ट्रॅकचा व्हेट, म्हणजे घोड्यांचा डॉक्टर, आला. शर्यतीआधी पाय तपासतात, थोडं पळवून बघतात. त्याने बर्फाने बधिरलेल्या डाव्या पायावरून हात फिरवला, खुरांवरचं कुंकू बघून हसला आणि कागदावर सही केली.

शेवटच्या वळणावर गुळपोळी दुसरी होती. हे मी कधी सांगत नाही — ती किती सुंदर पळत होती ते. आपली चाळीस माणसं तिचं नाव घेऊन ओरडत होती, आजूबाजूचे अमेरिकन वळून बघत होते. मीही ओरडत होतो. मग तिचं डोकं एकदम खाली गेलं. जॉकी फेकला गेला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला. ती उठली. तीन पायांवर उभी राहिली. चौथा खाली लोंबत होता. व्हेट सुई घेऊन धावला, माणसांनी हिरवा पडदा धरला. पडद्याच्या खालून मला फक्त खुरं दिसत होती, कुंकू लावलेली. थोड्या वेळाने तीही दिसेनाशी झाली.

डब्लिनहून आलेली छोटी मुलगी विचारत होती, "व्हॉट आर दे डूइंग बिहाइंड दॅट?" तिच्या आईने तिला वळवून बसकडे नेलं.

चौकशी झाली. हाडात आधीपासून बारीक चीर होती, असं निघालं. घोड्याची जबाबदारी ट्रेनरची, तो कुठेही असो — तसा नियम आहे. रोसाने खरं ते सांगितलं, की माझ्या धर्मात तसं असतं म्हणून तीन दिवस मीच पाय धुवत होतो. समोरची तीन माणसं अवघडली. कोणाच्या धर्मात कसं शिरायचं? त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं की पायात काही वेगळं जाणवलं का. मी म्हणालो, मी दगडाचा धंदा करतो, मला घोड्याच्या पायातलं काय कळतं?

क्लेटन माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. माझ्या हातांना चांगलं म्हणणारा. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तबेला माझा आहे. मी इथे असायला हवं होतं."

त्याला काही महिने काम बंद ठेवावं लागलं. मालकांनी एकेक करून घोडे काढून नेले. सगळ्यात आधी मी नेले — पाटील आणि बारक्या, मोठमोठ्याने बोलत, चार लोकांना ऐकू जाईल असं. वर्षाच्या आत तबेला रिकामा झाला. रोसा कुठे गेली मला माहीत नाही. मी विचारलंच नाही.

आणि मग मी ती गोष्ट सांगू लागलो. इतक्या वेळा, की मला खराच राग यायचा. माणूस स्वतःच्याच खोट्यावर संतापू शकतो का? मी सहा वर्षं संतापलो. मंडळात विचारत राहिलो — त्या मुक्या जनावराचा जाब कोण देणार?

गेल्या महिन्यात तो भेटला. घोड्यांच्या चाऱ्याच्या दुकानात पोती उचलत होता. मी फरशी बसवायचं माप घ्यायला गेलो होतो. मी परत फिरणार, तेवढ्यात त्याने हाक मारली, "डाटा!" बायको बरी आहे म्हणाला. पाटील गेटमध्ये जायला शिकला का, विचारलं. मग हातमोजे काढून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी अजून मोजतो. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी मी स्वतः तिचा पाय बघितला होता. थंड वाटला. एवढंच कळत नाही — मी कोणत्या सकाळी चुकलो?"

मी काय म्हणालो? "जाऊ दे आता, क्लेटन," म्हणालो. माप घेतलं. भावात घासाघीससुद्धा केली.

देशपांडेकाकू, हे तुम्ही वाचालच. तुमच्या हाताची काही चूक नव्हती. पाय गारच होता.

मंडळी, तुम्ही माझ्या पाठीवरचे हात काढून घ्या. आणि सहा वर्षं मी ज्याच्या नावाने ओरडत होतो तो जाब आता मागाच — पण माझ्याकडे. दत्ता मानेला उभं करा आणि विचारा. हा कागद मी मंडळाच्या अंकासाठी देतोय, आणि इंग्रजीत लिहून त्या चाऱ्याच्या दुकानातही देणार आहे, स्वतःच्या हाताने. त्या माणसाने एक प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर फक्त माझ्यापाशी आहे.

गुरुवारी सकाळी, क्लेटन. सहा वाजता. तू तिथे नव्हतास. मी होतो.