गौरींच्या आधीचं विमान

खंडेराव मार्केट मागे पडलं तरी सुहासिनी बोलली नव्हती. श्रावणी सोमवारी कारेलीबागेतून लालबागच्या काशीविश्वनाथापर्यंत चालत जायचं, हा दोघी शेजारणींचा जुना नेम. एरवी मांडवी येईपर्यंत सुहासिनी अर्ध्या सोसायटीची उणीदुणी काढून मोकळी झालेली असे. आज मंदा एकटीच बोलत होती.

"सुहासताई, मौनव्रत आहे का? तसं सांग, म्हणजे मीही तोंडाला विश्रांती देते."

"शनिवारी जाते आहे मी."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? सानवीकडे."

मंदा भर रस्त्यात थांबली. मागून रिक्षावाला ओरडला, "बाजूए, मासी!" ती कशीबशी कडेला झाली.

"आणि गौरी?"

सुहासिनीनं नुसता पदर सारखा केला आणि ती पुढे चालू लागली.

विहंग तिचा एकुलता एक. न्यू जर्सीत राहायचा. सानवी झाली तेव्हा बाळंतपणाला जायचं म्हणून सुहासिनीनं मुंबईला जाऊन पाहुणीचा व्हिसा मागितला. दोनदा मागितला, दोनदा नाकारला गेला. तान्ह्या नातीचं तोंड तिनं फोटोतच पाहिलं. पुढे विहंग तिथला नागरिक झाला, त्यानं आईला स्पॉन्सर केलं, आणि ग्रीन कार्ड हातात आलं. तिचे यजमान लक्ष्मीकांतराव रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांनी स्वतःपुरतं साफ सांगितलं, "मला तिकडे चहाला कोण बोलावणार आहे? तू जा."

कार्डाची अट अशी की तिथलंच घर आपलं मानायचं, आणि बाहेर गेलं तरी वर्षाच्या आत परतायचं. सुहासिनीनं ती निमूट पाळली. गौरींच्या तोंडावर बडोद्याला यायचं, दिवाळी झाली की निघायचं. सासूनं सोपवलेल्या गौरी तिनं एकही वर्ष चुकवल्या नव्हत्या. गेल्या वर्षी मात्र दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एक डोळा दिवाळीआधी झाला, दुसरा संक्रांतीनंतर. मग उन्हाळा आला. इतकी थांबलेच आहे तर आता गौरी करूनच जाते, असं तिनं विहंगला कळवून टाकलं होतं.

"काल अलकापुरीत एजंटकडे तिकीट पक्कं करायला गेले," सुहासिनी म्हणाली. "तिथल्या पोरीनं पासपोर्ट चाळला आणि म्हणाली, 'मासी, तमारूं वरस तो आ अठवाडिये पूरूं थाय छे.' मी म्हटलं, असं कसं होईल? गौरींच्या आधी आले, गौरी झाल्या की निघते. गौरी ते गौरी वर्षच ना?"

"अगं, पण यंदा अधिक आषाढ होता!"

"तेच तर! तुझ्या जावयासाठी तेहतीस अनारसे तळले आपण. या हातांनी तळले, मंदा. आणि महिना वाढलाय, गौरी लांबल्यात, हे या डोक्यात शिरलं नाही."

मंदाला हसू आलं, आणि हसल्याबद्दल वाईटही वाटलं. "तुझ्या त्या साहेबांच्या पंचांगात अधिक महिना नाही ना."

"विहंगही तेच म्हणाला. 'आई, विमानतळावरचा माणूस तुझे अनारसे मोजणार नाही, कार्डच काढून घेईल.'"

देवळात बरीच गर्दी होती. मंदानं पिंडीवर बेल वाहिला, हात जोडले, पण काय मागावं ते तिला कळेना. हिला राहू दे म्हणावं, तर तिकडे ते लेकरू वाट बघतंय. जाऊ दे म्हणावं, तर घरच्या लक्ष्म्या ताटकळणार. शेवटी तिनं काहीच मागितलं नाही, नुसतं डोकं टेकवलं.

दोघी बाहेर ओट्यावर टेकल्या.

"सानवीला झोपताना माझा कान लागतो," सुहासिनी म्हणाली. "अशी पाळी धरते चिमटीत, की झोपली. वर्ष झालं, अजून डोळा लागता लागता माझा हात आपला कानाकडे जातो. परवा फोनवर मला म्हणे, 'आजी, मी आता बाबाचा कान धरते, पण तो टोचतो.'" ती हसली आणि तिनं डोळे पुसले. "आणि तिकडे गेले की यांचा खोकला ऐकू येत नाही म्हणून झोप येत नाही. गौरींचं बरं बाई. तिसऱ्या दिवशी परत निघतात, वर्षभर कुठे होता म्हणून कुणी विचारत नाही."

"मग या वर्षी भावजींनी करायचं सगळं?"

"पूजा करतील ते. पण गौरी दारातून आत आणायच्या, तर सवाष्ण हवी. तू आण, मंदा."

"मी? अगं, आमच्याकडे खड्याच्या गौरी. पाणवठ्यावरचे सात खडे आणले की झालं. तुमच्या मुखवट्यांना साडी नेसवायची म्हणजे..."

"हे सांगतील. तीस वर्षं पिना हातात घेऊन उभे राहिलेत."

"आणि कुळाचार तुमचा, घराणं तुमचं. चालेल देवीला?"

सुहासिनी पायरीखालच्या चपला शोधू लागली. सापडल्या तरी तिनं त्या पायांत घातल्या नाहीत.

"तुळशीपासून आत येताना आमच्याकडे उंबऱ्यावर थांबवतात," ती म्हणाली. "आतून विचारतात, 'गौर आली, कशाच्या पावलांनी आली?' आणि आणणारीनं म्हणायचं असतं, 'सोन्याच्या पावलांनी.' यंदा हे विचारतील."

"म्हणेन की. तेवढं येतं मला."

"ते नको म्हणूस." सुहासिनीनं तिचा हात धरला. "एवढं एक वर्ष, 'सुहासिनीच्या पावलांनी आली,' असं म्हण."