रोवणीच्या हातांचे फोटो

अर्जुनी मोरगावला जायचं ठरलं तेव्हा मी ऑफिसात जरा जास्तच भाव खाल्ला. आम्ही मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर एक प्रोग्राम बनवला होता. हजारो तळहातांचे फोटो पाहून तो शिकला होता आणि नुसत्या फोटोतल्या तळव्याच्या रंगावरून अंगात रक्त कमी आहे का ते सांगायचा. खेड्यात चाचणी घ्यायची होती. २०१७ चा जुलै. फिरणंही होईल म्हणून मीच हात वर केला.

पुण्याहून गोंदियापर्यंत एक अख्खी रात्र आणि बराचसा दिवस गाडीतच जातो. स्टेशनाबाहेर सगळं हिंदीतच चालतं. तिथून पुढे पॅसेंजर पकडा. तिकीट चहा-भज्यांच्या भावात मिळतं. पावसाळ्यात जाणार असाल तर बुटांची हौस घरीच ठेवा. रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी भरलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांत धान रोवणाऱ्या वाकलेल्या बाया. अर्जुनीत खानावळीत भात आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोनं जवळच्या एका गावी गेलो. तिथल्या आशा सेविका वनिताताई यांनी अंगणात बायांना जमवलं होतं. सगळ्यांचे तळहात मेंदीनं लालभडक.

"फोटो काढणार म्हणून नटलात की काय?" मी म्हणालो. बाया हसल्या.

"नटाले नाई जी," वनिताताई म्हणाल्या. "दिवसभर चिखलात हात सडतेत, मनून लावतेत. पन हे मशीनले चालते ना?"

मला तिथेच थांबता आलं असतं. पण समोर तीस जणी बसल्या होत्या आणि मी पुण्याहून आलो होतो. "ताई, ही मेंदूसारखी शिकते. तिला सगळं कळतं."

त्यांतल्या सुगंधाला पाचवा महिना होता. चार पावलं चालली की तिला धाप लागायची. वनिताताई आठवडाभर तिला दवाखान्यात चल म्हणत होत्या, ती रोवणी संपू दे म्हणत होती. तिचा फोटो काढला. पडद्यावर हिरवी खूण आली, म्हणजे रक्त पुरेसं.

"साहेब, तिचे डोळे पायजा, पांढरे फट आहेत," वनिताताई म्हणाल्या.

मी डोळे पाहिलेच नाहीत. सुगंधाला म्हणालो, "ठणठणीत आहात." केवढी खूश झाली ती! तशीच उठून बांधीत गेली.

दुपारी मी इथला प्रतापगड पाहायला गेलो; घाटावरचा प्रसिद्ध किल्ला वेगळा. गड चढायला सोपा आहे, वर हिरवं रान नुसतं उधाणलेलं. तिथे स्वतःचे फोटो काढत असताना वनिताताईंचा फोन आला. सुगंधा बांधीतच चक्कर येऊन पडली होती.

दवाखान्यात तपासलं तर रक्त निम्म्याहून कमी. मी पोचलो तेव्हा तिला गोंदियाला हलवायची तयारी चालली होती. मी वनिताताईंना म्हणालो, तुम्ही तिला अडवायचं होतं. आजही हे वाक्य आठवलं की स्वतःची किळस येते.

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. "तुमी ठणठणीत सांगल्यावर सुगंधा माहं काऊन आयकन?"

रक्त चढवलं. सुगंधा वाचली, पोटातलं बाळही वाचलं. मी परतीच्या गाडीत बसलो.

पुण्यात बैठकीत ठरलं, की मेंदीचे फोटो सदोष धरून वगळायचे, म्हणजे अचूकता चांगली दिसेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. अहवालात सुगंधा कुठेच नाही.

हिवाळ्यात वनिताताईंचा फोन आला. सुगंधाला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, म्हणाल्या. मग बोलल्या, "साहेब, पुढच्या साली मशीन घेऊन याल तं आधी सांगजा. बाया मनून राहिल्या, आमी मेंदी लावनार नाई."

लावा, चूक माझी होती, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "बरं, कळवतो."