‘घरी न्या’ म्हणाले तेव्हा

“याला मेटास्टॅसिस म्हणतात,” पेणच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मेटास्टॅसिस म्हणजे कॅन्सर जिथे सुरू झाला तिथे न थांबता दुसरीकडे पसरणं. माझ्या वडिलांना, म्हणजे दादाला, तो प्रोस्टेटमध्ये झाला होता. प्रोस्टेट ही पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची लहानशी ग्रंथी. तिथून तो पाठीच्या मणक्यात शिरला होता. मुंबईहून आलेले रिपोर्ट टेबलावर होते आणि दादा बाहेर बाकावर आडवा झाला होता.

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. “बरं करणारं औषध आता नाही. दुखणं मात्र थांबवता येतं. घरी न्या. पुढचे उपचार घरीच चालू ठेवू. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार हटत नसेल तर निदान त्रास हटवायचा.”

एवढं सगळं ते बोलले. आयेने, म्हणजे माझ्या आईने, आणि मी लक्षात ठेवले फक्त दोन शब्द, ‘घरी न्या’.

आमच्या खाडीकडच्या गावांत दवाखान्याने ‘घरी न्या’ म्हटलं की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. गंगाजलाची कुपी शोधतात आणि लेकीबाळींना सांगावा धाडतात. आम्हीही तेच केलं. मी रोह्याला दिलेली, घरी ब्लाउज शिवून देते, नवरा कंपनीत शिफ्टला जातो. शिलाईची कामं तशीच टाकून मी माहेरी राहिले. संध्याकाळपर्यंत ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दादाची धाकटी बहीण हिरूआत्या तर वेशीपासूनच गळा काढत आली. “कसा रं माझा भाऊस गेला! आता मी माहेरा कुणाकडं येऊ?”

खाटेवरून दादाचा आवाज आला. “हिरू, मी अजून जिता हाय. रडायचं ते मागाहून रड. आधी सुकट भाज, मना भाकर खायाची हाय.”

आत्याचा सूर मधेच तुटला. जमलेल्या बायका पदराआड हसल्या. मलाही हसू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. घरात माणूस भाकरी मागतोय आणि आम्ही त्याच्या तिरडीची माणसं मोजत होतो. डॉक्टरांनी उपचार घरी चालू ठेवायला सांगितले होते आणि ते उपचार कोणते, कोण देणार, हे विचारायचं सोडून आम्ही रडत घरी आलो होतो.

दादा आयुष्यभर मिठागरात राबलेला. टाचा मिठाने फुटल्या तरी हूं की चूं न करणारा. पण त्याच आठवड्यात दुखणं वाढलं तेव्हा तो पंचा दातात धरून कण्हायला लागला. कूस बदलायची म्हटली तरी डोळ्यांतून पाणी. आये त्याच्या उशाशी बसून राही आणि मी परसात जाऊन भांडी आपटत असे. मला दादा वाचायला हवा होता असं मी म्हणणार नाही, ते हातात नव्हतं. पण त्याने असं कण्हत जाऊ नये, एवढं मला हवं होतं.

मी पेणला गेले. तिथे कळलं की मॉर्फिनच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. मॉर्फिन हे अफूपासून केलेलं, जबर वेदना थांबवणारं औषध. म्हणून ते कुलपात ठेवतात. शिवाय गावातली नर्स घरी येऊन जखमा धुते, लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, बदलते. हे सगळं आमच्या हक्काचं होतं, कुणाचे उपकार नव्हते. अडचण एकच. डॉक्टरांनी दर वेळी रोगी बघितल्याशिवाय मॉर्फिन द्यायचं नाही, असा नियम.

“पेशंटला आणा,” खिडकीतले कंपाउंडर म्हणाले.

“त्याला उठवता येत असतं तर गोळ्या कशाला मागितल्या असत्या?” मी म्हणाले. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. पण डॉक्टर त्या दिवशी बाहेर दौऱ्यावर होते, आणि खिडकीशी किती भांडणार?

रिकाम्या हाताने परतले. आमचा रस्ता म्हणजे बांधावरचे खड्डे. बैलगाडीत बसा, रिक्षात बसा की जीपमध्ये, हाडं खिळखिळी होतात. मणका पोखरलेल्या माणसाला त्यावरून नेणं म्हणजे जिवंतपणी हाल. ओटीवर बसून मी रडत होते तेव्हा हसूराम आला. हा आमचा शेजारी, हमरापूरला घडवलेल्या गणपतींची टेम्पोने वाहतूक करणारा.

“रडतंस कशाला गो? आठ-आठ फुटी गणपती मी मुंबईला नेतो. सोंडेला तडा जात नाय. तुझा बापूस काय त्याच्याहून नाजूक हाय?”

आणि त्याने खरंच तसंच केलं. भात नुकतं झोडून झालं होतं, पेंढा ताजा होता. टेम्पोत आधी पेंढ्याचा जाड थर घातला. त्यावर दादाला गोधडीसकट ठेवलं. मग मूर्ती भरतात तसा मानेखाली, कमरेजवळ, गुडघ्यांखाली पेंढा हाताने दाबून दाबून भरला. “मूर्ती दोरीने बांधली की तडकते,” हसूराम सांगत होता. “तिला पोकळी ठेवायची नाय, म्हंजे हादरा पेंढा खातो.” टेम्पो बैलाच्या चालीने निघाला. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. पंचा दातात गेला नाही.

दवाखान्याच्या दारात पेंढ्यातून फक्त दादाचं तोंड दिसत होतं. लोक जमले. डॉक्टर बाहेर धावत आले, तर दादा त्यांना म्हणाला, “बघा साहेब, मूर्ती शाबूत आली का.”

डॉक्टर टेम्पोवर चढले. पेंढ्यात गुडघे टेकून त्यांनी त्याला तपासलं. पाठीला हात लावताच दादाचा चेहरा बदलला, तो त्यांनी पाहिला. ते खाली उतरले. तीच वेळ साधून मी म्हणाले, “डॉक्टरांनी पेशंट बघायचा, असाच नियम आहे ना? मग तुम्ही येऊन बघा. दर बुधवारी तुमची जीप आमच्या गावातल्या शाळेत लस टोचायला येते. शाळेपासून आमचं घर हाकेवर. पोरांच्या दंडासाठी जीप येते, तर म्हाताऱ्याच्या पाठीसाठी का नाही?”

कंपाउंडर खिडकीतून बघत राहिले. डॉक्टर हसले. “बरोबर आहे बाई. यांना पुन्हा इथे आणायचं नाही. बुधवारी मीच येतो.”

त्या दिवशी गोळ्या घेऊन आम्ही गावात शिरलो तेव्हा हसूरामने वेशीपासून हॉर्न वाजवत टेम्पो आणला. विसर्जनाला निघालेला गणपती परत घरी आल्यासारखा थाट. आयेने भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मॉर्फिनबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण तुमच्यावरही कधी वेळ येईल. एक, हे औषध दिलं म्हणजे माणूस लगेच संपला असं नाही. हिरूआत्याला तसंच वाटलं होतं, “अफू चारून मारतेस काय गो?” म्हणून ती माझ्यावर धावून आली होती. डॉक्टरांनी तिला समजावलं, “मापात दिलं तर याने माणूस मरत नाही. दुखायची वाट बघू नका. घड्याळ बघून द्या. दुखणं वर यायच्या आधीच दाबायचं.” दुसरी गोष्ट, त्याने पोट घट्ट होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या. लाजू नका.

चार-पाच दिवसांत दादा सलग झोपायला लागला. बुधवारी जीप यायची. नर्सबाई पाठीचा बेडसोअर, म्हणजे पडून पडून झालेली जखम, धुवायच्या आणि आयेलाही शिकवायच्या. पोरं लस टोचून घेऊन भोकाड पसरत घरी जायची आणि दादा खिडकीतून त्यांना चिडवायचा.

वालाच्या शेंगा भरल्या तेव्हा त्याने फर्मान काढलं, “पोपटी लावा.” आम्ही खाट अंगणात आणली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, शेंगा, अंडी, बटाटे भरले. जाडं मीठ मात्र दादाने स्वतःच्या मुठीने टाकलं. “मिठाचा अंदाज तुम्हाला नाय,” म्हणाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला. हसूरामने मडक्यावर पाण्याचा हात मारला, चर्र झालं, म्हणजे पोपटी शिजली. तो बुधवार होता. डॉक्टरांनी आमच्या अंगणात उकिडवं बसून शेंगा सोलून खाल्ल्या. कंपाउंडरही त्या दिवशी जीपमधून आले होते. मी त्यांना दोनदा वाढलं, राग केव्हाच विझला होता. दादाने शेंगेतला एकेक दाणा चोखत खाल्ला आणि म्हणाला, “मीठ बरोबर पडलंय.” मला तेव्हा इतका आनंद झाला की मी चुलीशी जाऊन रडले.

तर माझ्यासारख्या बायाबापड्यांनो, कुणी ‘घरी न्या’ म्हणालं तर रडत उठू नका. खुर्चीत घट्ट बसा आणि विचारा, घरी कोण येणार, कधी येणार, गोळ्या कोण देणार. सरकारी दवाखाना आपलाही आहे. हक्काचं मागायला लाज कसली? त्या डॉक्टरांना, नर्सबाईंना आणि हसूरामच्या पेंढ्याला मी जन्मभर विसरणार नाही.

शिमग्याच्या आधी एका दुपारी दादा गेला. आये त्याच्या कपाळाला तेल लावत होती, तिचा हात त्याच्या डोक्यावर असतानाच.

निरोप मिळाल्यावर हिरूआत्या आली. या वेळी वेशीपासून आवाज नाही. गुपचूप आत आली, खाटेशी वाकली, त्याच्या नाकाशी बोट धरलं. “नीट बघा गो,” म्हणाली. “मागल्या खेपेला मी फुकट रडले.” मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “दुखलं का गो त्याला?”

“नाही आत्या,” मी म्हणाले. “अजिबात नाही.”

तेव्हा कुठे आत्याने गळा काढला. आम्ही कुणीच तिला अडवलं नाही.