रखमाजीचा पाचवा खांब

टाकव्याच्या रखमाजी सुताराची एक खोड सगळ्या मावळाला ठाऊक होती. कुणी घर विकत घ्यायला निघाला की आधी रखमाजीला ते दाखवायला न्यायचा, आणि रखमाजी आपलं मत सांगेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचा नाही. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, मग पोकळ खांबही भरीव वाजायला लागतो, असं त्याचं म्हणणं. सांगून झालं की मात्र स्वतः होऊन पाणी मागायचा. घर बरं निघालं तर गूळ-पाणी यायचं. वाईट निघालं तर घरधनीण तोंड फिरवून आत जायची आणि रखमाजी वाटेत इंद्रायणीला ओंजळ लावून घर गाठायचा. 'बडा घर पोकळ वासा' असं लोक नुसतं म्हणतात; रखमाजीला तो वासा कुठला, तेही कळायचं. त्यामुळे त्याचे मित्र थोडे होते, पण त्याच्या शब्दावर माणसं बायकापोरांसकट छपराखाली जाऊन निजत.

छत्तीस सालच्या चैत्रात कार्ल्याच्या शाळेतले अनंत मास्तर त्याच्याकडे आले. कार्ल्यातलंच एक घर घ्यायचं मनात होतं. "तुम्ही हो म्हणालात तर घेतो, रखमाजी. नाहीतर या पावसाळ्यातही भाड्याच्या खोलीतच राहू."

"कुनाचं घर?"

"हौशीरामांचं. ते गेले ना दोन वर्षांमागं. अंबूबाई एकट्याच असतात. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून आंबीला लेकीकडं जायचं म्हणतात."

रखमाजीनं पटाशी कमरेला खोचली. ते घर त्यानंच बांधलं होतं. बाप अंथरुणाला खिळल्यावर एकट्यानं हाती घेतलेलं पहिलं काम. मावळात लाकूड तोडायचं ते अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यातलं लाकूड कीड खाते, हे सुताराच्या पोराला दुधाच्या दातांबरोबर कळतं. त्या वर्षी एक खांब कमी पडला आणि वर आभाळ भरून आलेलं. तेवीस वर्षांच्या रखमाजीनं पुनवेच्या आदल्या दिवशी ऐनाचं झाड पाडलं आणि कुणाला काही न बोलता माजघरातला पाचवा खांब उभा केला. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं तो त्या आळीतून जाणं टाळत आला होता. दुसऱ्यांच्या घरातला एवढाएवढा दोष चारचौघांत सांगणारा हा माणूस आपला मात्र पोटात घेऊन फिरत होता, आणि ते त्याला आतून खात होतं.

अंबूबाई दारातच होत्या. "या भावजी. लय वर्सांनी वाट चुकला."

त्यानं माजघरातल्या सहा खांबांपैकी पहिले चार वाजवून पाहिले. पटाशीच्या मुठीखाली ते खणखणीत बोलले. पाचव्यापाशी भांड्यांची उतरंड रचलेली होती. खरं सांगितलं तर म्हातारी या अंधुक डोळ्यांनी आणखी एक पावसाळा इथं एकटी काढणार. खोटं सांगितलं तर मास्तरांची बायको आणि दोन लेकरं या तुळईखाली निजणार. शेवटी त्यानं हात लांबवून खांबावर मूठ मारली. आवाज भोपळ्यासारखा आला.

"मास्तर, ह्यो खांब आतून पार गेलाय," तो म्हणाला. त्याला कुणाकडं बघवेना. "आनि ह्यो मीच उभा केला. चांदन्यात तोडलेलं लाकूड व्हतं. मला ठावं व्हतं. वैनी, माजं चुकलं. तुमचं घर न्हाई, मीच खोटा."

मास्तर गोंधळून अंबूबाईंकडे पाहू लागले. त्या शांतपणे पुढे आल्या आणि उतरंडीतलं एकेक भांडं उतरवून खाली ठेवू लागल्या.

"भावजी, खांबामागचा गिलावा जरा खरडा."

रखमाजीनं पटाशी लावली. भिंतीचा फुगवटा समजून त्यानं सोडून दिलेली माती भसाभस गळली, आणि आत घडीव दगडांचा एक जाड खांब निघाला. तळापासून थेट तुळईला जाऊन भिडलेला. लाकडाच्या खांबावर छपराचा गुंजभरही भार नव्हता.

"तिसऱ्या वर्सी भुसा गळाया लागला," अंबूबाई म्हणाल्या. "मी म्हनलं, रखमाजीला बलवा, चार शब्द सुनवा. तर ह्ये म्हनले, पोराचं पयलं घर हाय. बोभाटा झाला तर त्येला कोन काम देनार? मंग मी दगूड देत गेले, ह्ये रचत गेले. वरनं मीच सारवलं. तुमाला सांगायचं न्हाई, आशी आन घातली व्हती मला. आज तुमी सोताच बोलला, म्हनून सुटले."

रखमाजी मटकन खाली बसला. दरवर्षी जत्रेत हौशीराम भेटायचा, खांद्यावर हात टाकून "काय मिस्त्री, कसं चाललंय?" विचारायचा. त्या हातात काय होतं, ते आज त्याला कळलं. पन्नाशी उलटलेला तो माणूस उपरण्यात तोंड घालून रडला.

मग नाक पुसून तो उठला. सहावा खांब अजून वाजवायचा राहिला होता. तोही त्यानं नीट वाजवला. वर चढून वासे पाहिले, कौलं पाहिली. खाली उतरून म्हणाला, "घ्या मास्तर घर. ह्या घराला भ्या न्हाई. पर तेवडा खांब मी बदलनार. माज्या पडवीसाटी एक ठिवलाय घरी, चार वर्सं वाळलेला. अवसेला तोडलेला हाय."

"आवो, आता त्येची काय गरज?" अंबूबाई म्हणाल्या.

"त्येची न्हाई वैनी, माजी हाय."

अंबूबाई आत गेल्या. चाचपडत गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आल्या. रखमाजीनं आज पाणी मागितलं नव्हतं; मागायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

"पयलं पानी प्या," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्सं झाली, ह्या घरचं पानी तुमी घेतलं न्हाई."