हितं तसं कोन न्हाय

आमच्या वस्तीतली पोरं बोलायच्या आधी गाड्यांचे आवाज ओळखायला शिकतात. दूधवाल्याची गाडी, हप्तेवाल्याची गाडी आणि पोलिसाची गाडी. पहिल्या दोन आवाजांना कोणी मानही वर करत नाही. तिसरा आला की तरणी माणसं मागच्या बाभळीत आणि म्हातारी माणसं लिंबाखाली. लिंबाखालच्यांचं काम एकच. समोरचा कोणाचंही नाव घेऊन विचारू दे, उत्तर ठरलेलं, "तसं कोन हितं राहत न्हाय की साहेब."

यात आपण खोटं बोलतोय असं कोणाला वाटत नसे. राम राम म्हणावं इतक्या सहज ते तोंडातून निघे. आमची वस्ती सोलापूरच्या कडेला, अक्कलकोटच्या रस्त्यानं शहर संपतं तिथं, सरकारी माळावर. आमच्या जमातीला इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं आणि माझ्या आजोबांना याच शहरात तारेच्या कुंपणात हजेरी देत वाढावं लागलं. तार निघून जमाना झाला, पण हजेरीची भीती काही तिच्याबरोबर गेली नाही. अजूनही शेजारच्या गावात शेळी चोरीला गेली तरी पहिली गाडी आमच्याकडे येते. म्हणून आमच्यात पुरुषाला दोन नावं असतात, एक घरातलं आणि एक बाहेर सांगायचं. माझ्या बाला तर बाहेरची इतकी नावं होती की कोणतं कुठं दिलं हे त्याचं त्यालाच आठवायचं नाही.

माझं नाव कागदावर गेलं ते आईमुळे. तिनं मला आश्रमशाळेत घातलं आणि मास्तरांनी विचारल्यावर माझं, बाचं, सगळं खरं सांगून टाकलं. जन्मतारीख तेवढी तिला माहीत नव्हती. मास्तरांनी एक जून टाकली. आमचा अख्खा वर्गच एक जूनला जन्मलेला, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी, त्यामुळे गोळ्या वाटायचा प्रश्न कधी आला नाही. बा मात्र आईशी बरेच दिवस बोलला नाही.

बारावीनंतर मी शहरात गणवेश शिवायच्या कारखान्यात जाऊ लागले. शेजारच्या मशीनवरची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. तिच्या नादानं मीही सकाळी रस्त्यावर पळायला लागले. पहिल्याच आठवड्यात बानं मला वाटेत अडवलं. आमची घरची बोली वेगळी आहे, पण चिडला की तो मराठीत येतो.

"आपल्यातलं मानूस पळताना दिसलं की लोक मागं लागत्यात," तो म्हणाला. "आन् तू आपल्या पायानं पळून दावतीस व्हय?"

मी पळायचं थांबवलं नाही. पुढं अर्ज भरायची वेळ आली तेव्हा खरी खडाजंगी झाली. अर्जात फोटो, पत्ता, बापाचं नाव, जात, सगळं द्यायचं होतं. आणि द्यायचं होतं ते पोलिसांना.

"आपनहून पोलिसाला पत्ता द्याचा? येडी झालीस का?"

"पत्ता त्यास्नी म्हाईतच हाय की," मी म्हणाले. "चोरी झाली की न चुकता येत्यात."

"वस्तीचा म्हाईत हाय. तुजा न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकदा नाव कळलं की नावानं हाक येती, पोरी."

बा चुकीचं बोलत नव्हता, आणि तीच खरी अडचण होती. काही वर्षांमागं घरकुलं देणार म्हणून माणसं माहिती गोळा करायला आली होती. निम्म्या वस्तीनं हौसेनं नावं दिली, फोटो काढून घेतले. बायकांनी तर त्या दिवशी नवी लुगडी नेसली होती. नंतर ज्यांनी नावं दिली त्यांच्याच नावानं जागा खाली करायच्या नोटिसा आल्या. ज्यांनी नावं दिली नव्हती त्यांना काहीच आलं नाही, ना घर, ना नोटीस. नाव न देणाऱ्यांत बा पहिला. त्यानंतर कितीतरी दिवस तो लिंबाखाली ऐटीत बसायचा.

तरी मी अर्ज भरला. मोठा विचार करून भरला असं म्हणणार नाही. मला ती नोकरी हवी होती, आणि आयुष्यभर बाभळीच्या काट्यांत उभं राहायचं नव्हतं, एवढंच. पळण्यात पास झाले, लेखीत झाले, निवडीच्या यादीत नाव आलं. दहाही बोटांचे ठसे दिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का, असं तेव्हा मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

आता उरली होती चारित्र्य पडताळणी. म्हणजे ठाण्यातून माणूस पत्त्यावर येणार, मुलगी खरंच तिथं राहते का, कशी आहे, हे चारचौघांना विचारून लिहून नेणार. पत्त्यावर सापडले नाही तर सगळं केलेलं पाण्यात. म्हणून मी घरोघर फिरून सांगून ठेवलं, एक पोलीस येईल, त्याला खरं काय ते सांगा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्यानं तर पोलिसाला चहा पाजायचा बेत केला. बा तेवढा उठून बाहेर गेला.

आणि एका दुपारी तो आवाज आला.

मी धुणं धूत होते. आवाज कानावर पडला आणि पुढचं मला कळायच्या आत मी बाभळीत उभी होते, हातात बाच्या सदऱ्याचा पिळा तसाच. माझ्या दोन्ही बाजूंना वस्तीतली पोरं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. मी ज्याची इतके दिवस वाट बघत होते तोच माणूस आला होता, आणि मी त्याच्यापासून लपले होते.

लिंबाखालचं सगळं ऐकू येत होतं. वयस्क हवालदार होता, पोट सुटलेलं, घाम पुसत होता. त्यानं कागद काढून माझं नाव वाचलं आणि ही मुलगी कुठं राहते म्हणून विचारलं.

"तसं कोन हितं राहत न्हाय की साहेब," म्हातारा म्हणाला. तोच, चहावाला.

"बरं, मग हा कुठं राहतो?" हवालदारानं माझ्या बाचं नाव घेतलं. शाळेतलं, खरं नाव. बा त्याच्या पुढ्यातच उकिडवा बसला होता.

बा म्हणाला, "त्या नावाचा मानूस हितं न्हाय."

हवालदारानं कागदाची घडी घातली. मला इतका संताप आला म्हणून सांगू! बावर नाही, माझ्याच पायांवर आला. भरतीत एवढे पळले ते पाय आता जागचे हलत नव्हते. हवालदार गाडीवर बसला तेव्हा कुठं ते सुटले. मी काट्यांतून ओढणी ओढत बाहेर आले, हातातल्या सदऱ्याचं पाणी अंगावर ठिबकत होतं.

"मी आहे ती."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग ही माणसं नाही का म्हणतात? पत्ता खोटा दिलास का? इथं तुला ओळखणारं कोण आहे?"

सगळे जमिनीकडे बघत होते.

"हे बघ, कोणी ओळखत नसेल तर मला तसंच लिहावं लागेल," तो म्हणाला. दरडावून नाही म्हणाला, उन्हातून आल्यामुळे कंटाळला होता. मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. हात धरून त्याला उठवावं असं फार वाटलं. पण ज्यानं जन्मभर पोलिसाला कधी खरं नाव सांगितलं नव्हतं त्याला मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? शेवटी माहिती मी दिली होती, त्यानं नाही.

बा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"साहेब, पोरगी माजी हाय."

"तुमचं नाव?"

त्यानं सांगितलं. स्वतःचं, त्याच्या बापाचं, आडनावासकट. मी ते त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

"अहो, मघाशी तुम्हीच म्हणालात असा माणूस इथं नाही म्हणून."

"मघाशी भ्यालो हुतो."

"आणि आता?"

"आता बी भ्यालोय की. पर पोरगी माजी हाय."

हवालदार गाडीवरून उतरला. मग चहा झाला. हळूहळू बाभळीतली पोरंही बाहेर आली आणि मी किती शहाणी आहे हे सगळे एकदम सांगू लागले, इतकं की मलाच लाज वाटली. त्यानं लिहून घेतलं आणि गेला. नंतर कित्येक दिवस गाडीचा आवाज आला की बा उठून उभा राहायचा. नावानं हाक येणार याची त्याला खात्री होती. उभा राहायचा, पण बाभळीकडे जायचा नाही.

आता मी नोकरीत आहे, दुसऱ्या तालुक्यात. वस्तीत जातीच्या दाखल्याचं नाहीतर रेशनकार्डाचं शिबिर लागणार असलं की तरणी पोरं फोन करून विचारतात, ताई, नाव द्यावं का? बेलाशक द्या, असं मी सांगत नाही. मी ज्या कचेरीत बसते तिथला कागद पुढं कुठं कुठं जातो हे मलाही कळत नाही, मग त्यांना कशाच्या जिवावर सांगू? मी एवढंच म्हणते, दिलंत तर नंतर लपू नका. आणि एकट्यानं देऊ नका, चारजण मिळून द्या. काहींना हे पटतं, काहींना पटत नाही. न पटणाऱ्यांवर मी रागावत नाही.

मागं एकदा कामासाठी सोलापूरला आले होते. बरोबरच्या शिपायाच्या गाडीवर मागं बसून वस्तीवर गेले, दोघंही वर्दीत. आवाज ऐकून पोरं बाभळीत पळाली. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. लिंबाखाली बा एकटाच होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, दोन हातांवरचं माणूस ओळखू येत नाही. गंमत म्हणून मी शिपायाला खुणावलं, तूच विचार. त्यानं बाचं नाव घेतलं, ते कुठं राहतात म्हणून विचारलं.

बा गुडघ्यावर हात टेकून उठला.

"म्याच तो," म्हणाला. "काय काम हुतं?"

मी गाडीवरून उतरले आणि त्याचा हात धरला.