वर जायची वाट

तारवाल्यांचं खरं नाव पोस्टमनलाही चटकन आठवत नसे. चौतीस वर्षं टेलिफोन कंपनीत लाइनमन म्हणून त्यांनी तारा जोडल्या. खांबावर चढून जोडल्या, खड्ड्यात उतरून जोडल्या, चिखलात गुडघे रुतवून जोडल्या. तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींना पीळ देऊन बसल्या, की त्या जोडीतून कुणाचं लग्न ठरायचं, कुणी गेल्याचं कळायचं, कुणी उगीच तासभर भांडत बसायचं. सगळ्या वस्तीचं बोलणं या माणसाच्या बोटांखालून गेलं.

फक्त त्यांच्या घरातलं गेलं नाही. त्यांच्या बायकोला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरात फुकटचा फोन, आणि घरधनीण धूळ पुसण्यापलीकडे त्याला हात लावत नसे. ती हातांनी बोलायची, आणि झकास बोलायची. बहिऱ्या मुलांच्या शाळेत एकोणतीस वर्षं तिने हातांची भाषा शिकवली होती. नवऱ्याला हाक मारायची झाली, की टेबलावर दोन टिचक्या. त्या फळीतून त्यांच्या कोपरापर्यंत पोचायच्या. रागावली की तीन. टेबलाच्या त्या कडेचा रंग केव्हाच उडून गेला होता.

मग त्याच दोन तारांवरून ब्रॉडबँड आलं, चालती-बोलती चित्रं आली, आणि एक दिवस दूरच्या एका डोंगराळ गावातल्या शाळेचं पत्र आलं. आठ बहिरी मुलं आहेत, शिकवायला कोणी नाही. बाईंनी रोज अकरा वाजता पडद्यावरून शिकवावं. आधी एक तास घेऊन बघू. पत्र वाचून बायकोने टेबलावर एकच टिचकी मारली. एका टिचकीचा अर्थ तारवाल्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी वळून पाहिलं, तर ती हसत होती.

सोमवारी तास झाला, म्हणजे झालाच नाही. इकडे पडद्यावर आठही मुलं लख्ख दिसत होती; एकाच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा. पण तिकडे बाईंचे हात उचलले की थिजत होते, मग एकदम भलतीकडेच उगवत होते, आणि बोटांचा नुसता लगदा होत होता. मुलांनी आधी डोळे बारीक केले, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि शेवटी खिडकीबाहेर. मुख्याध्यापिकांनी खाली लिहिलं, ‘बाई, तुमचे हात दिसत नाहीत. गुरुवारी पुन्हा बघू. तेव्हाही असंच झालं, तर आम्हाला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल.’

बायकोने संगणक बंद केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. संध्याकाळपर्यंत ते तिथून उचलले नाहीत. ज्याची बायको हातांनी बोलते, त्यालाच कळेल, ते दोन हात असे मांडीवर पडलेले बघवत नाहीत.

मंगळवारी कंपनीचं कार्यालय उघडायच्या आधीच तारवाले दारात उभे होते.

“काका, तुमची लाइन एकदम फर्स्टक्लास आहे,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. “चोवीस एमबीचा प्लॅन, एकवीस येतोय. लोकांना पंधरा येत नाही.”

“येतो तो मीही बघतो. जातो किती?”

“म्हणजे?”

“बाहेरून माझ्या घरात येतं, ते येणं. माझ्या घरातून बाहेर पडतं, ते जाणं. त्याचा वेग किती?”

तिने बराच वेळ शोधलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत सापडलं. “पॉइंट चार.”

“चोवीस यायचे, आणि जायला अर्धासुद्धा नाही?”

“एडीएसएल आहे ना काका. त्यात वर जायला फार फार तर एक मिळतो.” मग तिने मान कलती करून विचारलं, “पण काका, तुम्हाला एवढं पाठवायचं असतं तरी काय?”

तिने हे गोड आवाजात विचारलं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. तुम्हाला पाठवायचं असतं तरी काय! म्हणजे आम्ही दाखवू ते बघा, सिनेमे बघा, जाहिराती बघा, आणि गप्प बसा. तांब्याला यातलं काही ठाऊक नसतं. ते दोन्हीकडे सारखंच वाहून नेतं. कुणीतरी कुठेतरी खुर्चीत बसून एकाच तारेची वाटणी केली होती. येणाऱ्याला हमरस्ता, जाणाऱ्याला बांधावरची पायवाट. वाटणी करताना, हातांनी बोलणारं माणूसही या जगात राहतं, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नव्हतं.

“मोठा प्लॅन घ्या ना,” मुलगी म्हणाली.

“त्यात जाणारा किती?”

“जाणारा... तेवढाच.”

“मग मोठं काय झालं?”

“येणारा!”

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “घ्या की काका, दुप्पट सिनेमे बघा!” रांग हसली. तारवाले हसले नाहीत.

“व्हीडीएसएल द्या. त्यात वर जायला दहा मिळतो, मला माहीत आहे.”

“ते बाजाराच्या बाजूला आहे, काका. नवी पेटी तिथे बसवलीय आणि घर पेटीपासून जवळ लागतं. तुमच्या भागात पेटीच नाही. मागणीच नाही तिकडून.”

“मग मी इथे उभा राहून काय करतोय?”

“ही तक्रार झाली. मागणी वेगळी. ती वेबसाइटवर पाठवायची.”

“पाठवायची,” तारवाले म्हणाले. “पॉइंट चारने.”

रस्ताभर ते स्वतःशीच पुटपुटत आले. पण घरी पोचेपर्यंत त्यांच्यातला लाइनमन जागा झाला होता. एक मिळायला हवा तिथे पॉइंट चार मिळतो, म्हणजे उरलेला वाटेत कोणीतरी खातंय. त्यांनी जुनी पिशवी काढली, कुंपणाच्या भिंतीवरची तारा जोडायची जुनी पेटी उघडली आणि तारा बोटांनी चाचपत गेले. घराच्या जोडीला एक जुना फाटा तसाच लटकत होता. वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या छापखान्याकडे जाणारा. पलीकडे कोणी नाही, काही नाही. पण जाणारा सिग्नल त्या फाट्यात शिरायचा, टोकाला आपटून माघारी यायचा आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर आदळायचा. फाट्याचा पीळ डावीकडून उजवीकडे होता. सगळ्या कंपनीत असा पीळ एकच माणूस द्यायचा.

ती सवयच होती त्यांची. फाटा कधी कापायचा नाही. राहू दे, उद्या कुणाला फोन लागेल. नुसत्या बोलण्याला असल्या फाट्यांनी काही होत नसे. चित्रांना होतं.

बायको मागे येऊन उभी होती. “कुणाचं काम हे?” तिने हातांनी विचारलं.

तारवाल्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“मी किती वर्षं सांगतेय, जुनं टाकून द्या! माळ्यावरचे डबे तसेच, तारा तशाच!”

त्यांनी फाटा कापला. पॉइंट चारचा पॉइंट नऊ झाला. मेहुणीलाही ऐकू येत नसे. बुधवारी सकाळी तिला पडद्यावर बोलावून पाहिलं. तिने लिहून कळवलं, ‘ताईचे हात कळतात, बोटं कळत नाहीत. भाऊजींचं पोट मात्र स्पष्ट दिसतंय. ते हलत नाही ना.’

बायको पोट धरून हसली, आणि मग तिने हात पुन्हा मांडीवर ठेवले. बोटं कळली नाहीत, तर शिकवायचं काय?

आता तारवाल्यांच्या रागाला आडोसा उरला नाही. आपली चूक होती ती आपण आपल्या हाताने कापून टाकली. तार आरशासारखी स्वच्छ केली. तरीही वर छत आहेच, आणि ते छत तांब्याचं नाही, माणसांनी घातलेलं आहे. सबंध दुपार ते येरझाऱ्या घालत होते. चहा दोनदा गार झाला. मग एकदम थांबून त्यांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या. बायकोने मान वर केली.

“कंपनीच्या कार्यालयाची लाइन कोणी जोडली, माहीत आहे?” ते हातांनी म्हणाले. त्यांच्या हातांची भाषा जाडीभरडी होती; राग आला की आणखीच. “मी. नोकरीच्या शेवटच्या वर्षी. ती एसडीएसएल. दोन यायला, दोन जायला. दोन्हीकडे सारखी! स्वतःला सारखी घेतली त्यांनी. विकताना आपल्याला पायवाट.”

“मग?”

“तिथे ग्राहकांसाठी एक टेबल आहे. वर पाटी आहे, ‘आमचा वेग स्वतः अनुभवा’. अनुभवू की.”

गुरुवारी पावणेअकराला दोघं त्या टेबलाशी बसली. काउंटरवरची मुलगी धावत आली. “काका, हे असं नाही करता येत!”

तारवाल्यांनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

“ते पाच मिनिटं बघण्यासाठी असतं हो!”

“किती वेळ ते कुठे लिहिलंय? बारीक अक्षरांतसुद्धा नाही. मी चष्मा लावून बघितलंय.”

अकराला आठ चेहरे पडद्यावर आले. बायकोने हात उचलले. मग पलीकडून आठ जोड्या हात उठले, आणि तिने केली तीच खूण, अगदी बोटाला बोट, परत आली. तुटक्या बटणाच्या मुलाने अंगठा चुकवला, तिने तो दुरुस्त केला, त्याने केला. दोघांच्या मध्ये सगळे डोंगर होते, आणि ती जणू त्याचा अंगठा धरून वळवत होती. रांगेतली माणसं आपापले कागद विसरून बघत राहिली. तारवाले पाठीमागे खांबासारखे उभे होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं. आपल्या घरातलं बोलणं आपण जोडलेल्या तारेवरून आज पहिल्यांदा नीट जात होतं, आणि तेही उसन्या टेबलावरून. डोळे भरले, तेही रागानेच.

मुख्याध्यापिकांनी लिहिलं, ‘सोमवारपासून, रोज अकरा.’

“पाहिलंस ना ताई?” तारवाले काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. “मला पाठवायचं काय असतं, विचारत होतीस. हे असतं. सोमवारपासून टेबल राखून ठेव.”

“रोज? आणि किती दिवस?”

“आमच्या गल्लीत पेटी बसेपर्यंत.”

सोमवारी ती दोघं आली, तेव्हा टेबलावर नवा कागद चिकटवलेला होता: ‘प्रत्येकी फक्त दहा मिनिटं. हुकमावरून.’ बायकोने तो वाचला. कडेने नख घालून, न फाडता सोडवला, पालथा घालून त्यावर चष्म्याची डबी ठेवली. मग टेबलावर एक टिचकी मारली आणि शिकवायला लागली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी काउंटरवरच्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं. आतल्या, साहेबांच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. पडद्यावर हलणाऱ्या आठ जोड्या हातांकडे पाहिलं. मग रांगेकडे तोंड करून, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाली, “हं, पुढचे कोण?”